हँडलवरचा वाटाड्या

नामपल्लीत राहणाऱ्या माणसाला रस्ता विचारण्याची सवय नसते, सांगण्याची असते. स्टेशनसमोरच्या एका गल्लीच्या तोंडाशी आमचे घर आहे आणि गेली चाळीस वर्षे त्या घराच्या ओट्यावर बसून मी नवख्यांना वाटा दाखवीत आलो आहे. हातात वळकटी आणि डोळ्यांत झोप घेऊन पहाटेच्या गाडीतून उतरलेला माणूस, गुरुवारी युसुफैन दर्ग्याला निघालेली मंडळी, जानेवारी-फेब्रुवारीत नुमाइशीचे फाटक शोधणारी बालबच्चांची कुटुंबे, असे सगळे आमच्या ओट्यापाशी घटकाभर थबकतात. "साब, बागेआम किधर पडता?" असे कोणी विचारले की मी हात लांब करून सांगतो. त्यात मी भूगोलाचा शिक्षक. निवृत्तीच्या दिवसापर्यंत फळ्यावर अक्षांश-रेखांश काढीत होतो. असा मी रस्ता दाखविणारे यंत्र विकत घेणार म्हटल्यावर घरात आणि शेजारी जे हसू झाले, ते वाचकांनी कल्पनेनेच जाणावे.

नामपल्ली हे ठिकाणच प्रवाशांचे. रेल्वेच्या कागदांवर तिचे नाव 'हैदराबाद डेक्कन'; पण १९०७ मध्ये बांधलेल्या त्या स्टेशनाला इथला माणूस नामपल्लीच म्हणतो. समोरची जुनी सराई आज खंगलेली दिसते. तिच्या ओवऱ्यांत एके काळी उतारू एकमेकांना पुढच्या मुक्कामाची पाणवठ्यासकट माहिती देत असतील, असे मला तिच्यावरून जाताना नेहमी वाटते. पुढे नुमाइशीचे मैदान. हे प्रदर्शन १९३८ साली बागेआममध्ये सुरू झाले आणि पुढे या मैदानावर आले. आता या सगळ्यांच्या डोक्यावरून मेट्रो धावते. सप्टेंबर २०१८ मध्ये आमच्या बाजूची मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून असेंब्ली, नामपल्ली, गांधी भवन अशी एकामागून एक स्थानके आकाशात टांगलेली आहेत. या टांगलेल्या रस्त्याचा माझ्या यंत्राशी कसा संबंध आला, ते पुढे येईलच.

माझी दुचाकी म्हणजे २००४ सालची साडेतीनशे सी. सी. ची बुलेट. पंधरा वर्षे झाल्यावर तिची पुन्हा नोंदणी करून घेतली. तीवर आम्ही दोघांनी बिदर, गाणगापूर, तुळजापूर, औंढा नागनाथ, माहूर असे बरेच फिरून घेतले. माझ्या पत्नीचे माहेर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट. तिथेही आम्ही दरवर्षी गाडीवरून जात असू. सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता. सासूबाई आधी रागावत, मग दृष्ट काढीत आणि मग जेवायला वाढीत, असा क्रम ठरलेला होता.

तीन वर्षांपूर्वी तो क्रम मोडला, आणि दोष सर्वस्वी माझा. त्या वर्षी मी हँडलवर मोबाइल फोन बसवून घेतला होता. नकाशा त्यावर दिसे. कामारेड्डीच्या अलीकडे एका वळणरस्त्याची खूण दिसेना म्हणून मी मान खाली घालून पाहिले. उन्हाने पडदा काळवंडला होता. म्हणून आणखी वाकून पाहिले. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. दोन सेकंद पाहिले तर तेहतीस मीटर, म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढा रस्ता, मी आंधळ्याने तोडला. गाडी खडीवर उतरली आणि आडवी झाली. मला खरचटले. पत्नीचे डावे मनगट मोडले.

सहा आठवडे प्लॅस्टर होते. त्या सहा आठवड्यांत तिने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. बोलली असती तर बरे झाले असते. प्लॅस्टर निघाले, हात कामाला लागला, थंडीत जरा दुखे तेवढेच. पण त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. बाजारात रिक्षाने, माहेरी रेल्वेने. मीही आग्रह केला नाही, कारण कोणत्या तोंडाने करणार?

गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना ती एकदम म्हणाली, "या संक्रांतीला आईकडे गाडीवरून जाऊ या."

मी गप्पच राहिलो.

"आई फोनवर विचारत होती, तुम्ही दोघं गाडीवरनं यायचे ते का बंद केलं? तिला वाटतं आपलं काही बिनसलंय. शहाऐंशी वर्षांची झाली ती. तिला कसं समजावणार? जाऊन दाखवलेलं बरं." मग डब्याचे झाकण दाबून लावीत तिने पुढचे वाक्य टाकले, "पण अहो, तो फोन हँडलवर नको."

फोन नको, हे तिने भीतीने म्हटले होते. पण चौकशी करता करता मला कळले की ते शास्त्रालाही धरून आहे. फोन हे खिशात राहण्यासाठी केलेले यंत्र आहे. उन्हात तो तापला की आपला पडदा आपणच मंद करतो, आणि नेमके तेव्हाच आपल्याला तो उजळ हवा असतो. पावसात बोटांना दाद देत नाही, हातमोज्यांना तर नाहीच. शिवाय आतल्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर राखणारी नाजूक यंत्रणा असते, ती मोटारसायकलच्या थरथरीने बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. आमची बुलेट थरथरण्याच्या बाबतीत हात आखडता घेणारी नाही.

आता प्रश्न आला निवडीचा. आमच्या घरापासून आबिड्सचा जगदीश मार्केट पायी जाण्याजोगा. हैदराबादेत मोबाइलसंबंधी जे काही मिळते ते तिथे मिळते आणि जे मिळत नाही तेही मिळेल असे सांगतात. तिथल्या एका तरुण दुकानदाराने माझ्यापुढे सहा-सात तऱ्हांची फोन अडकविण्याची साधने मांडली. दुचाकीसाठीच बनविलेले स्वतंत्र जी. पी. एस. यंत्र हवे, म्हटल्यावर त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे आदराने पाहिले आणि म्हणाला, "अंकल, वो अब कौन लेता?" प्रश्न खरा होता. अशा यंत्राची किंमत ऐकून मीही दोन दिवस ओट्यावर नुसता बसून राहिलो. त्या पैशांत कोणाची जुनी पण चालती दुचाकी आली असती.

तरीही शेवटी मी तेच घेतले, गार्मिन कंपनीच्या झुमो मालिकेतले, साडेपाच इंच पडद्याचे. त्याची कारणे दुकानदाराला पटली नाहीत, वाचकांना पटावीत. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येतो. जाड हातमोजा घातलेले बोटही त्याला कळते. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी पाणी आत शिरू नये, अशा कसोटीला ते उतरलेले आहे. आणि मुख्य म्हणजे सारा नकाशा त्याच्या पोटात असतो. फोनमध्येही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो हे मला ठाऊक आहे. पण ते ऐन वेळी विसरणाऱ्यांपैकी मी एक आहे. निर्मलच्या पुढे जंगलात फोनची घंटी मुकी होते, तेव्हा वाट दाखविणारा आपल्या पदरचे खाणारा असावा.

यंत्र घरी आले तेव्हा वर्गात उभा असल्यासारखे मी पत्नीला ते कसे चालते हे सांगितले. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवर किमान चोवीस उपग्रह फिरत असावेत, अशी ही अमेरिकेची योजना. प्रत्येक उपग्रह सारखा आपली वेळ आणि आपले स्थान सांगत असतो. ती हाक आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला यावरून अंतर कळते, आणि अशा चार उपग्रहांच्या हाका ऐकल्या की आपण कोठे आहोत हे यंत्र ठरवते. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले तर तीनशे मीटरांची चूक होते. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळे रोज अडतीस मायक्रोसेकंद पुढे पळतात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरांची गफलत होईल. पूर्वी ही सोय मुळात सैन्याची. सामान्यांना मिळणारी अचूकता मुद्दाम बिघडविलेली असे, ते बिघडविणे मे २००० मध्ये थांबले. आपल्या देशाचीही 'नाविक' ही व्यवस्था आहे, तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये वर गेला.

पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे वरून चार जण सांगणार आणि तुम्ही खाली मान घालून बघणार. मग फरक काय पडला?"

हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नव्हता. यंत्र कोणते घ्यावे यावर लोक महिनोन्‌महिने बोलतात. ते कोठे बसवावे याचा विचार दुकानातला पोरगा दोन मिनिटांत उरकतो. माझ्या मते पैसे पहिल्या गोष्टीत जातात आणि जीव दुसऱ्या गोष्टीत.

आमच्या गाडीचे उस्ताद जांबागेच्या बाजूला एका गल्लीत बसतात. वय माझ्याएवढेच. त्यांचे दुकान म्हणजे एक पत्र्याचे छप्पर, दोन पोरे आणि भिंतीवर टांगलेले पाने. मी यंत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, हात पुसले, आणि पुन्हा पाहिले.

"मास्टर साब, ये तो अच्छा है," ते म्हणाले, "मगर इसकू बिठाने का काम एक घंटे का नक्को समझो. पूरा दिन देना पडता."

पूरा दिनच लागला. प्रथम वीज. यंत्राची तार त्यांनी थेट बॅटरीपासून आणली, वाटेत लहानसा फ्यूज ठेवला आणि मध्ये एक रिले घालून ती इग्निशनच्या किल्लीशी जोडली. किल्ली काढली की यंत्राचा पुरवठा बंद. म्हणजे रात्रभर बॅटरी खाऊन सकाळी किका मारण्याची पाळी नको. तार टाकीखालून नेली, गरम सायलेन्सरपासून लांब ठेवली, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलीत ती गुंतणार नाही असे पाहिले. मग हँडल पूर्ण डावीकडे वळविले, पूर्ण उजवीकडे वळविले. डाव्या टोकाला तार ताणली जात होती. बांधलेले सारे सोडून त्यांनी चार बोटे सैल दिली. "सीधे रस्ते पे तो सब अच्छा रहता साब, मोड पे मालूम पडता," असे ते आपल्या पोराला म्हणाले. ते तारेविषयीच बोलत होते.

यंत्राच्या खोबणीला तार जिथे मिळते तिथे त्यांनी ती आधी थोडी खाली लोंबू दिली आणि मग वर नेली. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत येते, ते त्या लोंबत्या भागातून खाली टपकते, खोबणीत शिरत नाही. इतकी साधी युक्ती मला सुचली नसती.

नंतर बैठक. आमच्या हँडलची नळी बावीस मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर धातूचा क्लॅम्प, क्लॅम्पवर रबर चढविलेला एक इंची गोळा, दोन बाजूंनी तो गोळा पकडणारा लहानसा दांडा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तसाच गोळा धरून यंत्राची खोबण. गोळ्यामुळे यंत्र कोणत्याही दिशेला वळविता येते आणि रबरामुळे थोडी थरथर वाटेतच मुरते. क्लॅम्प आणि नळी यांच्यामध्येही उस्तादांनी जुन्या ट्यूबची एक पट्टी घातली आणि स्क्रूच्या आट्यांना ते सैल होऊ नयेत म्हणून लावण्याचा डिंक लावला.

आता यंत्र नेमके कोठे? मी म्हटले, हँडलच्या मध्यावर. तिथे बसविले तर किल्ली झाकली जात होती. डावीकडे सरकविले तर वेगाचा काटा झाकला जाई. मी कंटाळून म्हटले, "राहू द्या डावीकडे."

पत्नी एका स्टुलावर बसून चहा घेत होती. ती उठली, गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "बसा गाडीवर. हेल्मेट घाला. माझ्याकडे बघा, रस्त्याकडे बघता तसं. आता त्या यंत्रात काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचले.

"डोळे पार खाली गेले. मान पण हलली. उस्ताद, थोडं वर घ्या."

उस्तादांनी लांब दांडा लावला. मी पुन्हा वाचले.

"मान नाही हलली. डोळे अजून जातायत. अजून वर. नाही, तेवढं नको, आता तुमचा दिवा झाकतोय."

अर्धा-पाऊण तास हे चालले. ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती, उस्ताद तिच्या हाताच्या खुणेकडे, आणि मी त्या पडद्याकडे. बोलता बोलता तिचा उजवा हात तिच्या डाव्या मनगटावर होता, हे तिला कळत नव्हते. शेवटी यंत्र वेगाच्या काट्याच्या वर, दिव्याच्या किंचित मागे अशा ठिकाणी आले, की माझी नजर रस्त्यावरून निघून तिथे पोचायला आणि परत यायला पापणी लवण्याइतकाच वेळ लागे. "आता मला नुसती बुबुळं हललेली दिसली," ती म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली. चहा गार झाला होता. उस्तादांनी पोराला दुसरा आणायला पाठविले.

तेवढ्यावर तिचे समाधान नव्हते. "हे सगळं निसटलं तर?" उस्ताद म्हणाले, निसटणार नाही. पण ती घरी गेल्यावर तिने नव्या परकराची एक मजबूत नाडी तीनपदरी विणली आणि दुसऱ्या दिवशी यंत्राची पाठ आणि हँडल यांच्यामध्ये ती बांधून घेतली. एवढ्या महाग यंत्राला परकराची नाडी! उस्ताद हसले, पण गाठ त्यांनीच मारली. शिरस्त्राणात बारीक ध्वनिवर्धक बसविले, एक माझ्या, एक तिच्या. वळणाची सूचना दोघांनाही ऐकू यावी आणि बघण्याचे काम आणखी कमी व्हावे, हा हेतू. गाडी चालू असताना पडद्याला बोट लावायचे नाही, हा नियम मी स्वतः जाहीर केला. त्या नियमाचे कोणी कौतुक केले नाही.

पहिली परीक्षा नामपल्लीतच झाली आणि यंत्र नापास झाले. मेट्रोच्या खालून जाताना आमच्या गाडीची निशाणी एकदम शेजारच्या रस्त्यावर उडी मारून गेली आणि कानातली बाई मला एका भिंतीत उजवीकडे वळायला सांगू लागली. वरच्या काँक्रीटच्या पुलाने आकाश झाकले की उपग्रहांच्या हाका थेट येत नाहीत. इमारतींवर आपटून फिरून येतात, अंतर लांबल्यासारखे दिसते. मला तिची चूक समजली आणि मी सरळ गेलो. मागून पत्नी म्हणाली, "हिला नामपल्ली माहीत नाही. बरं झालं. निदान इथे तरी तुमचं ऐकलं पाहिजे."

संक्रांतीच्या आधी काही रात्री मी मार्ग पाहत बसलो होतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घराचे स्थान सतरा अंश तेवीस मिनिटे उत्तर आणि अठ्ठ्याहत्तर अंश अठ्ठावीस मिनिटे पूर्व. हिंगणघाट वीस अंश तेहतीस मिनिटे उत्तर आणि अठ्ठ्याहत्तर अंश पन्नास मिनिटे पूर्व. म्हणजे रेखांश जवळजवळ तोच. सासुरवाडी आमच्या डोक्यावर सरळ उत्तरेला, सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर. आणि मग मला विल्यम लॅम्टनची आठवण झाली.

भारताच्या नकाशाची मोजदाद म्हटले की आपल्याला एव्हरेस्ट आठवतो. मीही मुलांना तेच शिकविले. पण ती मोजदाद सुरू केली लॅम्टनने. १८०२ मध्ये मद्रासला सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पहिली पायारेषा साखळीने मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो कन्याकुमारीपासून उत्तरेकडे निघाला. त्याचे मोठे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती पडले होते. त्यांनी ते मॉरिशसहून सन्मानाने परत पाठविले. १८०८ मध्ये तंजावरला, म्हणजे सरफोजी राजे गादीवर असताना, त्याने ते उंच मंदिरावर चढवायला घेतले. दोर तुटला, पेटी गोपुरावर आदळली आणि यंत्राचे वर्तुळ वाकडे झाले. लॅम्टनने तंबूत स्वतःला कोंडून घेऊन कित्येक आठवडे ते हाताने सरळ केले. १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्द्याला त्याने आणखी एक पायारेषा मोजली. हैदराबादेत त्याचा बराच काळ मुक्काम होता आणि १८१८ मध्ये तरुण एव्हरेस्ट त्याचा साहाय्यक म्हणून इथेच येऊन मिळाला. पुढे लॅम्टन आपला तळ हलविण्यासाठी नागपूरला निघाला. वय सत्तरीच्या घरात, फुप्फुसे थकलेली. जानेवारी १८२३ मध्ये वाटेत तो वारला, आणि जिथे वारला तिथेच त्याला पुरले. ते गाव हिंगणघाट.

मी हे सांगितले तेव्हा पत्नी लोकरीचे मोजे दुरुस्त करीत होती. तिचा हात थांबला. "आमच्या हिंगणघाटला? मी तिथं वीस वर्षं वाढले. मला कोणी सांगितलं नाही." आणि थोड्या वेळाने, "दोर तुटला म्हणालात ना? बघा, नाडी हवीच होती."

तेरा जानेवारीला पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. नुमाइशीच्या मैदानाबाहेर रात्रीचे कागद वाऱ्यावर फिरत होते. यंत्राला मेट्रोच्या खांबांतून बाहेर पडेपर्यंत काही सुचले नाही. मेडचलच्या रस्त्याला लागल्यावर ते शहाण्यासारखे वागू लागले. हा रस्ता पूर्वी सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता तो चव्वेचाळीस आहे. कामारेड्डीच्या अलीकडे ती जागा आली. मी वेग कमी केला. खडी तशीच होती. पाठीमागून माझ्या खांद्यावर एक हात आला, तो डावा होता. ती काही बोलली नाही आणि मीही मागे पाहिले नाही. यंत्र म्हणाले, सरळ चला.

डिचपल्लीला चहा, आर्मूरच्या पुढे सोन गावापाशी गोदावरी. पुलावर दोघांनी हात जोडले; मी गाडी बाजूला उभी करून, हे सांगावयास हवे. निर्मलनंतर डोंगर आणि साग. फोनची घंटी ठरल्याप्रमाणे मुकी झाली आणि यंत्रातली बाई बोलत राहिली. आदिलाबादेत ऊन चढले होते तरी बोटे बधिर होती; जानेवारीत तेलंगणातली कडक थंडी इथेच पडते. मग पैनगंगा. पुलाच्या पलीकडे पाट्यांवरची तेलुगू संपली आणि मराठी सुरू झाली. आम्हा हैदराबादकरांना त्या पहिल्या मराठी पाटीचे काय होते हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. ती टायर दुरुस्तीची पाटी होती आणि तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, तरी मी ती डोळे भरून वाचली. पांढरकवड्यापुढे कापसाने फुगलेल्या गाड्या. वर्धा नदी ओलांडली आणि तिचा जिल्हा लागला.

हिंगणघाटात यंत्राने आम्हाला एका भलत्याच गल्लीत नेऊन 'आपण पोहोचला आहात' असे ठणकावून सांगितले. मी गाडी थांबविली. खांद्यावर टिचकी पडली. "डावीकडे. मग पिंपळापाशी उजवीकडे. ती काय सांगतेय, माझं घर मला माहीत नाही का?"

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग आम्हा दोघांना एकत्र पाहिले. "आलात होय गाडीवरनं," म्हणाल्या आणि रागवायला सुरुवात केली. दृष्टीसाठी मीठ-मोहऱ्या तिने नव्हे, त्यांच्या नातसुनेने आणल्या, एवढाच काय तो फरक.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे लॅम्टनला भेटायला गेलो. यंत्रात त्याचे नाव नव्हते. ज्याने नकाशाला पहिली रेघ दिली त्याचा ठिकाणा नकाशात नसावा याचे मला वाईट वाटले; पत्नीला वाटले नाही. "विचारू की," ती म्हणाली. तीन जणांनी तीन दिशा दाखविल्या. चौथ्या, सायकलवरच्या एका वृद्ध गृहस्थांनी काही न सांगता सायकल वळविली आणि ते आमच्या पुढे चालू लागले. बुलेट पहिल्या गिअरमध्ये फुरफुरत त्यांच्या मागे.

तिथे पोचल्यावर मी मुलांना सांगावे तसे काहीतरी सांगू लागलो होतो. पण तिने पदराच्या टोकाला बांधून आणलेला तिळगूळ सोडून त्या दगडापाशी ठेवला, तेव्हा गप्प झालो. सायकलवाल्या गृहस्थांनाही तिने दिला. मग ती गाडीपाशी गेली, आणि गाडी उभी असल्यामुळे नियम मोडत नाही याची माझ्याकडून खात्री करून घेऊन तिने पडद्यावर बोट ठेवून ती जागा यंत्रात नोंदविली. नाव काय द्यायचे, असे यंत्राने विचारले. तिने एकेक अक्षर शोधून 'लॅम्टन, हिंगणघाट' असे लिहिले.

परतीच्या सकाळी सासूबाईंनी डबा दिला, तो तिने मांडीवर घेतला नाही, मागच्या पेटीत नीट ठेवला. गाडीवर बसण्यापूर्वी ती पुढे आली, यंत्र हलवून पाहिले, नाडीची गाठ बोटांनी चाचपली, थोडी आवळली आणि म्हणाली, "चला."